नऊ चिपांची पट्टी

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई, अशा की गॅस बंद केलाय ना हे बघायला अर्ध्या जिन्यातून दोनदा परत येतील. जुने कॉम्प्युटर दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. मेमरीच्या पट्टीला हात लावण्याआधी त्या नळाला हात लावतात, अंगातली वीज उतरवायला. मी हसले की म्हणतात, "हस, हस. एक ठिणगी पुरते."

या वेळी मात्र मला हसू आलं नाही. घशाच्या ऑपरेशनात ह्यांचा आवाज गेला, तेव्हा वन्संनीच एका जुन्या कॉम्प्युटरमध्ये बोलणारं कार्ड बसवून दिलं होतं. हे टाइप करायचे, कॉम्प्युटर बोलायचा. आवाज पत्र्याचा, नाकातला. पण आमच्या नातीने जन्मापासून फोनवर आजोबा म्हणून तोच ऐकला.

तो कॉम्प्युटर बोलता बोलता थांबायला लागला आणि एक दिवस मेमरीतली चूक दाखवून ठप्प झाला. लेकीने लगेच गोड आवाजाचा नवाकोरा टॅबलेट पाठवला. नातीने दोन वाक्यं ऐकली आणि म्हणाली, "हे काका कोण? आजोबांना फोन द्या ना."

ह्यांनी टॅबलेट पालथा ठेवला. त्यानंतर कागदावरसुद्धा एक अक्षर लिहिलं नाही. जेवायला बोलावलं तर नुसती मान हलवायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी ह्यांना एवढी कधी घाबरले नव्हते.

"मेमरी बदलली की झालं ना?" मी वन्संना विचारलं.

"तेवढं सोपं असतं तर! याला नऊ चिपांची पट्टी लागते, तीही जोडीने. आठ चिपांची खाचेत बसते, पण हा सुरूच होत नाही. नववी चिप बाकीच्या आठ जणींवर लक्ष ठेवते."

"म्हणजे तुमच्यासारखी."

एरवी त्यांनी मला सोडलं नसतं. आता त्या नुसत्या डबे उपसत राहिल्या. घरातल्या सगळ्या पट्ट्या आठ चिपांच्या निघाल्या.

मग आम्ही भंगारवाल्याकडे गेलो. तो पट्ट्यांच्या खाचेत बसणाऱ्या सोनेरी कडा कापून वेगळ्या विकतो. अर्धं पोतं कापून झालं होतं. "थांब रे, हात थांबव!" वन्सं दारातूनच ओरडल्या आणि जमिनीवर फतकल मारून बसल्या. नऊ चिपांची एक पट्टी मिळाली. दुसरी मिळाली तिची कड कापलेली. पोत्याच्या तळाशी आणखी एक निघाली, पण ती दुसऱ्याच कंपनीची.

"दोन कंपन्यांच्या एकत्र लावू नका, असं मीच जगाला सांगत आले," त्या पुटपुटल्या.

"मग काय करायचं?"

"मग काय! दुसरी आहे कुठे?"

घरी आल्यावर नळाला हात लावून झाला, कडा खोडरबरने पुसून झाल्या. जुना कॉम्प्युटर सुरू होताना टिकटिक करत मेमरी मोजतो. टिकटिक निम्म्यावर थांबली. ह्यांनी डोळे मिटून घेतले.

"नीट बसली नसेल," वन्सं म्हणाल्या. कॉम्प्युटर बंद करून त्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. "तू दाब गं. मला जमत नाहीये."

मी उठले, नळाला हात लावला आणि देवाचं नाव घेऊन पट्टी दाबली. खट्. वन्संनी बटण दाबलं, पुन्हा टिकटिक सुरू झाली. निम्म्यावर आली, पुढे गेली, शेवटपर्यंत गेली.

मी लेकीला फोन लावला, तो नातीने घेतला. ह्यांनी टाइप केलं, पत्रा बोलला, "हॅलो."

मी फोन कॉम्प्युटरच्या आणखी जवळ धरला.

"आजोबा! इतके दिवस कुठे होतास?"

ह्यांची बोटं कळांवर धावली. मग पत्रा म्हणाला, "भंगारात गेलो होतो. माझ्या ताईने शोधून आणलं."

"फार वेळ बोलू नकोस रे, तापेल तो," वन्सं म्हणाल्या आणि नळाकडे गेल्या. या वेळी तोंड धुवायला.