पास्कोलची चव

माझी थोरली जाऊ पास्कोल हिच्यासारखं कालवण कोर्लईत कुणी करत नसे. हे मी, तिची धाकटी जाऊ, लिहिते आहे म्हणजे खरंच असणार. जावाजावा एकमेकींच्या हाताला सहसा नावं ठेवतात, आणि माझ्या जिभेला हाड नाही हे गावाला ठाऊक आहे.

एकोणीसशे एकतीस सालच्या नोव्हेंबरात तुफान झालं, त्यात तिचा मिंगू गेला. बावीस वर्षांचा मुलगा. मचव्याची फळी रेवदंड्याच्या बाजूला लागली, मिंगू लागला नाही. दिनूस, तिचा नवरा नि माझा दीर, आधीच वारलेला. मातीच नाही, तर थडगं कुठलं, आणि मेणबत्ती लावायची कुठे? पाद्री तिला म्हणाले, मिस्सेत, देवळातल्या उपासनेत, आपण ख्रिस्ताचं शरीर घेतो तेव्हा जिवंत आणि मेलेले एकाच ताटावर बसतात, तिथे मिंगू तुला भेटेल. पास्कोलने ते ऐकलं नि मान हलवली. मिस्सेच्या लॅटिनमधला 'कोर्पुस' एवढा एक शब्द तिला कळे. पोर्तुगीजांच्या काळापासून चालत आलेल्या आमच्या घरच्या बोलीत शरीराला जवळजवळ तेच म्हणतात.

वर्षभर तिने एकही रविवार चुकवला नाही. वेदीपुढच्या कठड्यापाशी गुडघे टेके, तोंड उघडी, पाद्री जिभेवर ठेवतात ती ओस्तीची पातळ चकती घेई आणि परत येऊन बसे. मी विचारलं, काय वाटतं? "काय न्हाय," ती म्हणाली. "सुकी पापडी जिभेवर ठेवल्यावानी वाटतं." रडलीही नाही ती. मासळी साफ करी, जेवायला बसवलं तर जेवी, नाही बसवलं तर तशीच निजे. मला तिचा राग येई, मग त्या रागाची लाज वाटे. तिने मात्र एक गोष्ट मनात धरून ठेवली होती. वर्षाच्या मिस्सेला मिंगूच्या नावाने ओस्ती घेतली की काहीतरी होईल. नाहीच झालं, तर मग तो कुठेच नाही. हे तिने मला दोनदा सांगितलं.

वर्षाच्या त्या मिस्सेनंतर सगळ्या आळीला जेवण होतं, म्हणून पहाटेच चुली पेटवल्या. आता आमचा एक नियम सांगायला हवा. ओस्ती घ्यायची तर मध्यरात्रीपासून पोटात काही जाता कामा नये, पाण्याचा थेंबसुद्धा. मग कालवणाचं मीठ बघायचं कुणी? त्यासाठी शेजारची हिंदू राही कोळीण येई. कुठल्याही सणाला राहीने तळहातावर रस्सा घेऊन चाटावा, "जरा घाल आणखी" म्हणावं, आणि मग आम्ही घालावं. पास्कोल थट्टेने म्हणे, आमच्या देवळाचं मीठ राहीच्या देवीने चाखलेलं असतं.

त्या दिवशी होड्या किनाऱ्याला लागल्या आणि राहीला उशीर झाला. पास्कोलने कोळंबीच्या कालवणात कोकम टाकलं, पळी फिरवली, थेंब तळहातावर घेतला आणि चाटला. हात आपोआप गेला. तीस वर्षांची सवय.

मी बघितलं. तिनेही माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात राही टोपली घेऊन आत आली. काय झालं ते कळल्यावर म्हणाली, "एवढंच ना? कुणी बगलंय? तोंड धू नि जा तू. पोराचं काम हाय."

"मी बगलं ना," पास्कोल म्हणाली.

मी वाटेत पाद्रींना गाठून विचारलं. ते म्हणाले, नियम माझा नाही, मला मोडता येत नाही. पुढच्या रविवारी तिला यायला सांगा. मला त्या भल्या माणसाचा इतका संताप आला की मी त्यांच्याशी पुढे बोललेच नाही.

देऊळ भरलेलं होतं. पाद्रींनी मिंगूचं नाव घेतलं. मग सगळे उठून कठड्याकडे गेले, आणि मिंगूची आई एकटी बाकावर राहिली. लोक वळून बघत होते. मनात म्हणत असतील, बाईने असं काय पाप केलंय. मीही गेले. जावं की बसावं हे मला कळत नव्हतं, तरी गेले, ओस्ती घेतली आणि तिच्या शेजारी येऊन बसले.

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. दुसऱ्याच्या घासाकडे लहान मूल बघतं तशी.

"गिळलीस?" तिने विचारलं.

मी मान हलवली. तिने माझा हात धरला.

"ईजाबेल, मला भूक लागलीया," ती म्हणाली. "खूप भूक लागलीया गं." आणि मग मिंगूचं नाव घेऊन ती रडायला लागली, भर देवळात, मोठ्याने. वर्षभर दर रविवारी तिला मिळत होतं, तेव्हा ती उपाशी आहे हे तिलाही कळलं नव्हतं आणि मलाही. मी तिला गप्प केलं नाही. मीही रडले.

पुढच्या रविवारी मी पहाटेच तिला हाक मारायला गेले, तर घराला बाहेरून कडी होती. देवळात जाऊन बघते तो ती कठड्यापाशी गुडघे टेकून बसलेली. पाद्री यायला अजून दोन तास होते.