नरसम्माच्या गाण्यातली तिसरी ओळ

नरसम्मानं फोन माझ्यापुढं टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "भाई, ह्याच्यात लिवलंय, हे गाणं मशीननं केलंय म्हणून. मग त्या दिवशी हितं मी काय करत होते?"

मी चष्मा लावून बघितलं. गाणी ऐकायच्या अॅपवर तिच्या गाण्याच्या नावाखाली बारीक अक्षरात खरंच तसं लिहिलेलं होतं. एआयनिर्मित. मी म्हणालो, काहीतरी चुकलं असेल, बघतो. आणि चहा सांगायच्या निमित्तानं आत सटकलो. त्याचं कारण पुढं सांगतो.

सोलापुरात माझा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे घराची मागची खोली. आवाज घुमू नये म्हणून मोठ्या स्टुडिओत भिंतींना फोम लावतात, मी सेकंड मालाच्या, म्हणजे विणीत खोट राहिलेल्या, चादरी ठोकल्यात. तीसेक वर्षं हेच करतोय. आधी कॅसेटी काढल्या, मग सीडी, आता लोकांची गाणी ऑनलाईन टाकून देतो.

नरसम्मा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या युनिटमध्ये कांड्या भरते. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात बसणारी सुताची नळी. मशीनवर सूत गुंडाळलं जातं, मधेच तुटतं, बाईनं गाठ मारायची की परत चालू. घरी तेलुगू, युनिटमध्ये मराठी. डब्याच्या सुट्टीत ती स्वतः रचलेली गाणी म्हणते आणि बायका भोवती बसून ऐकतात. त्यातलंच एक आम्ही रेकॉर्ड केलं होतं. "धागा तुटला तुटू दे गं, गाठ माराया हात हाय." असं साधं गाणं.

ते बारीक अक्षर युनिटमध्ये कुणीतरी वाचलं होतं. मग चेष्टा सुरू झाली. तू नुसता फोटो काढून आलीस, गायलं कॉम्प्युटरनं. चेष्टेचं तिला काही नव्हतं. पण त्यानंतर डब्याच्या सुट्टीत तिला कुणी गा म्हणेनासं झालं. सगळ्या फोनवरच गाणी लावून जेवायला लागल्या. हे ऐकून मला फार वाईट वाटलं.

मी दुसरं अॅप उघडलं. तिथं गाणंच नव्हतं, काढून टाकलेलं. तिसरं उघडलं. तिथं गाणं मजेत, वर कसला शेरा नाही. फाईल एकच, बाई एकच, आणि तीन अॅपांचे तीन निकाल. माझं डोकंच भंजाळलं.

आपण गाणं थेट अॅपला देत नाही. मधे एक डिस्ट्रिब्युटर कंपनी असते, ती एकदा फाईल घेते आणि सगळीकडे पाठवते. तिचा फॉर्म भरावा लागतो. त्या फॉर्ममध्ये हल्ली नवा प्रश्न आलाय: एआय वापरलं का? मी 'नाही' वर टिक केलं होतं. मी त्यांच्या सपोर्टला फोन लावला. नरसम्मा समोरच बसली होती, म्हणून आवाजात जरा जोर आणला. पलीकडं एक मॅडम होत्या.

"सर, तुम्ही एआय नाही असं टिक केलंय."

"नाहीच आहे."

"नॉईज काढलाय का?"

"काढलाय की. कोण काढत नाही?"

"ते चालतं. सूर दुरुस्त केलेत?"

"थोडे."

"थोडे चालतात. आवाज तयार केलाय?"

थोडं म्हणजे किती, ते मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, ते अॅपवर आहे सर, प्रत्येकाचं वेगळं. पण आवाज तयार केलाय का, तेवढं सांगा.

"नाही," मी म्हणालो.

मॅडमनी सांगितलं, मग प्रश्नच नाही, रॉ फाईल पाठवा, तपासून शेरा काढता येईल. रॉ फाईल म्हणजे माईकनं जसं पकडलं तसं, हात न लावलेलं रेकॉर्डिंग. मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला. पाठवणार कुठलं कपाळ. कारण मी खोटं बोललो होतो.

त्याचं असं झालं होतं. नरसम्मा गाऊन गेली. दुसऱ्या दिवशी ऐकतो तर तिसऱ्या ओळीवर आमच्या घरातल्या कुकरची शिट्टी. अगदी मधोमध. शिट्टी काढावी तर आवाज कापला जातो. तिला परत बोलवायचं म्हणजे तिनं परत सुट्टी मागायची, आणि मी इतक्या वर्षांचा रेकॉर्डिस्ट, कुकर बंद करायला विसरलो हे कबूल करायचं. माझ्याकडं एक नवीन सॉफ्टवेअर होतं. एखाद्याचा आवाज त्याला ऐकवला की त्या आवाजात हवी ती ओळ गाऊन देतं. बाकीचं गाणं त्याला दिलं, तिसरी ओळ टाईप केली, पाच मिनिटांत ओळ तयार. इतकी बेमालूम बसली की मी स्वतःवरच खूश झालो. अख्ख्या गाण्यात एक ओळ. त्याला काय एआय म्हणायचं, असं मनाशी म्हणून मी 'नाही' वर टिक केलं.

आता त्या ओळीनं अख्खी बाई खोटी ठरवली होती.

खरं सांगायची हीच वेळ होती. पण मी पळवाट काढली. तिला म्हणालो, ह्या दोघांच्या नादी लागू नका, तिसरं अॅप चांगलं आहे. तिथं काही विचारत नाहीत. आपण तिथंच ठेवू आणि युनिटमध्ये सगळ्यांना तेच घ्यायला सांगू.

"तितं माझं नाव ऱ्हाईल का?"

"राहील की."

तिला पटावं म्हणून मी तिथं तिचं गाणं लावलं. गाणं संपलं आणि अॅपनं आपल्या मनानं पुढचं सुरू केलं. एका बाईचा आवाज, अगदी मधासारखा. फोटोत नऊवारी नेसलेली तरणी बाई, नावही आपल्याकडचंच. नरसम्मा मान डोलवत ऐकत राहिली. स्वतःचं गाणं ऐकतानासुद्धा ती इतकी रमली नव्हती.

"लई गोड गळा हाय. कुटली म्हणायची ही बाई?"

मी त्या बाईची यादी उघडली. गाण्यांवर गाणी, खाली सरकवून बोट दुखलं तरी संपेना. एवढी गाणी कुणी माणूस गाईल तर घशातून रक्त येईल. मला सांगावंच लागलं की ही कुठलीच नाही. ही बाईच नाही. मशीन आहे, फोटोसकट.

तिनं फोटोवर बोट ठेवलं.

"मग मला हिच्या शेजारी का बसवलंय?"

मला तोंडात मारल्यासारखं झालं. इतकी वर्षं ह्या धंद्यात आहे, पण एवढी लाज कधी वाटली नव्हती. मग मी सगळं सांगून टाकलं. कुकर, शिट्टी, सॉफ्टवेअर, फॉर्म, फोनवरचं खोटं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, लावा परत.

कितवी ओळ ते मी मुद्दाम सांगितलं नव्हतं. खरं तर मनात एक लबाड आशा होती की तिलाही ओळखू येणार नाही, मग माझा गुन्हा जरा हलका होईल. पहिली ओळ गेली. दुसरी गेली. तिसरी संपता संपता तिनं हात वर केला.

"ही."

मी विचारलं, कशावरून. मला तर फरकच कळत नव्हता.

"ही आपणहून येळेत थांबली. मी कुटं येळेत थांबते? सूत तुटलं की गाठ बसंपर्यंत मी ओळ धरून ठेवते. सवयच हाय ती." मग म्हणाली, "पण आधीच्या दोन बी मधेच तोडल्यागत लौकर थांबल्यात की."

ते काम माझ्या कात्रीचं होतं. ती प्रत्येक ओळीचं शेवटचं अक्षर ठेक्याच्या पुढं लांबवत होती. मी कॉम्प्युटरची ढोलकी लावलेली, ती कुणासाठी थांबत नाही. म्हणून मी सगळ्या ओळींच्या शेपट्या छाटून ठेक्यात बसवल्या होत्या. त्याला आम्ही सफाई म्हणतो. म्हणजे एक ओळ मशीनची होती, आणि उरलेल्या मी मशीनसारख्या केल्या होत्या. अॅपला ती एक ओळ सापडली की माझी सफाई, देव जाणे.

मी रॉ फाईल लावली. तिच्या लांब शेपट्या, बाहेरचे हॉर्न, आणि तिसऱ्या ओळीवर शिट्टी. शिट्टी ऐकून ती त्या दिवशी पहिल्यांदा हसली. म्हणाली, भाबीची शिट्टी तरी खरी हाय.

मी म्हणालो, नव्यानं गायला परत सुट्टी मागावी लागेल, तुम्हाला त्रास नको म्हणून तर मी...

"मागितली असती की मी. तुमी इचारलंच न्हाय."

मी तिथंच विचारलं, कधी येता?

पुढच्या आठवड्यात ती अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून आली. मी कॉम्प्युटरची ढोलकी बंद ठेवली आणि सिद्रामला बोलावलं. तो लग्नात, भजनात ढोलकी वाजवतो. त्याला एवढंच सांगितलं, बाई थांबत नाहीत तोवर तू थांब. त्याची पहिल्यांदा फार चिडचिड झाली. असला कसला ताल, म्हणाला. तिसऱ्या फेरीला त्याला ते जमलं आणि मग तो तिच्या तोंडाकडं बघतच वाजवायला लागला. गाणं आधीपेक्षा लांबलं, जरा ओबडधोबड झालं. मी कात्रीला हात लावला नाही.

जुनं गाणं उरलेल्या दोन्हीकडून काढलं. डिस्ट्रिब्युटरच्या मॅडमना फोन करून खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, सर, पहिलेच नाही तुम्ही. नवीन गाणं रॉ फाईलसकट पाठवलं. कुठल्या अॅपवर पाठवायचं त्याची फॉर्ममध्ये यादी असते, तिथं तिसऱ्या अॅपच्या चौकटीत टिक केलीच नाही, नरसम्माची सक्त ताकीद होती. पहिल्या अॅपनं गाणं घेतलं, कसला शेरा नाही. आणि दुसऱ्यानं ह्या गाण्यावर, ज्यात खरी बाई, खरा सिद्राम आणि खरी ढोलकी आहे, एआयचा शिक्का मारला. का मारला, ते मला आजही कळलेलं नाही. मी तीनदा तक्रार केली, तीनदा उत्तर आलं की तपासून निर्णय घेतलेला आहे. तपासतं कोण, विचारलं, तर त्यावर उत्तर नाही. मला वाटतं तेही मशीनच असावं.

नरसम्माला हे सांगायला मी भीत होतो. तिनं खांदे उडवले. युनिटमध्ये आता कुणाला फोनवर ऐकायचंच नव्हतं. नवीन गाणं आलं त्या दिवशी बायकांनी ते डब्याच्या सुट्टीत लावलं, आणि एक जण म्हणाली, आता तोंडानं म्हण, बघू जुळतंय का. तिनं म्हटलं. सगळ्या शेपट्या जागेवर होत्या. तेव्हापासून रोज म्हणते.

मी ह्यातनं एकच शिकलो. गाणाऱ्याला उठू द्यायच्या आधी अख्खं रेकॉर्डिंग त्याच्यासमोर ऐकायचं, आणि त्याच्याही आधी स्वयंपाकघरात जाऊन गॅस बघायचा. नरसम्मा अजून येते. माईकपुढं बसली की दर वेळी आधी मला विचारते, "भाई, आज कोण गाणार? मी का तुमी?" मी हेडफोन चढवतो.