तिला कोणी फसवलं नव्हतं

आखाती युद्धानंतर माणसं कुवेतला परतू लागली, त्या सुमारास आम्ही तिकडे गेलो. नवऱ्याला अहमदीच्या बाजूला एका कंपनीत नोकरी होती. मी सालमियातल्या भारतीय शाळेत गणित शिकवू लागले. घरही सालमियातच, समुद्राच्या मागच्या गल्लीत, चौथ्या मजल्यावर. समोरच्या फ्लॅटमध्ये केरळची एक नर्स राहायची. तिला सगळी इमारत सिस्टर म्हणायची, मीही म्हणायचे.

एका शुक्रवारी दुपारी सिस्टर ड्यूटीवरून आली ती स्वतःच्या घरी न जाता माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. पायातले बूटही काढले नव्हते. फिंतासच्या एका घरात काम करणारी एक मुलगी पोटात दुखतंय म्हणून तिच्या हॉस्पिटलात आली होती. तपासल्यावर दिवस गेल्याचं कळलं. नवऱ्याचे कागद मागितले, ते नव्हते. कोणीतरी पोलिसांना कळवलं. "तिला घेऊन गेले," सिस्टर हिंदीत म्हणाली, "हाताला सलाईनची पट्टी तशीच होती. ती कोणाकडून गरोदर राहिली, हे कोणी विचारलंसुद्धा नाही."

तिकडे लग्नाशिवाय दिवस राहणं हा गुन्हा होता आणि गर्भ पाडणं हाही गुन्हा. आईच्या जिवावर बेतलं तरच काही सूट. आपल्याकडे मात्र कायद्याने मुभा होती. म्हणजे ज्या गोष्टीसाठी इथे तुरुंग, ती एका विमानप्रवासाच्या अंतरावर दवाखान्यात सरळ होत होती. पण त्या विमानात बसायला पासपोर्ट लागतो, आणि तो मालकाच्या कपाटात. रजा लागते, ती मालकाच्या मर्जीवर. आणि हे सगळं पोट दिसायच्या आत व्हायला हवं.

त्या दुपारी आम्ही दोघींनी काही ठरवलं वगैरे नाही. पण पुढची बाई सिस्टरच्या नजरेस पडली तेव्हा सिस्टरने कोणाला काही कळवलं नाही, तिला माझ्या घरी आणलं. मी ठाण्याला माझ्या मोठ्या बहिणीला फोन केला. ती वकिली करायची आणि तिला कसलीही प्रस्तावना लागत नसे. ती म्हणाली, "पाठव. मी बघते."

मग आमच्यात खाला आली, खाला म्हणजे मावशी, सगळे तिला तेच म्हणत. रत्नागिरीकडची, साठीला टेकलेली, तिच्या नवऱ्याचं शहरात तिकिटांचं ऑफिस. कोणत्याही भरलेल्या विमानात एक जागा काढणं खालालाच जमे. तिच्या तोंडाचा पट्टा जबरदस्त होता. फसलेल्या मुलींबद्दल ती इतक्या पोटतिडकीने बोलायची की ऐकणाऱ्याला त्यांना फसवणाऱ्या पुरुषांचीच कीव यावी.

आमची एक ठरलेली युक्ती होती. ठाण्याहून बहीण मालकाच्या घरी फोन करायची, आई अत्यवस्थ आहे, पोरीला पाठवा. बहुतेक मालक पाठवायचे, आईचं नाव तिकडेही चालायचं. हे कायद्यात नेमकं कुठे बसतं ते आम्हाला कधीच कळलं नाही. आम्ही विचारायलाही गेलो नाही.

अशा काही जणी जाऊन आल्यावर ती आली.

मी ज्या दुकानात ब्लाउज शिवायला टाकायचे तिथे ती कामाला होती. बायकांची मापं आणि फिटिंग पडद्यामागे तीच बघायची. श्रीवर्धनच्या बाजूची, विधवा, पस्तिशी ओलांडलेली. दोन मुली गावी बहिणीकडे ठेवलेल्या. त्या दिवशी माझं माप घेता घेता, टेप माझ्या पाठीवर असतानाच ती म्हणाली, "बाई, तुम्ही बायकांना विमानात बसवून देता म्हणे."

"कोण म्हणालं?"

"पडद्यामागे सगळा कळतो," ती म्हणाली. "मना पण बसायचं हाय."

पुढच्या शुक्रवारी मी तिला घरी बोलावलं. सिस्टर होती, खालाही होती. सिस्टरने दिवस विचारले. वेळ होता, पण फार नव्हता. मग खालाने तिचा हात हातात घेतला आणि विचारलं, "कोण गो तो? दुकानाचा मालक?"

"नाय."

"मग? जबरदस्ती केली कोणी?"

"नाय, खाला."

"लग्नाचं वचन दिलं आणि पळाला."

"कुठे पळाला नाय. तिकडे लांब वफ्र्याला शेतावर पंप बघतो. शुक्रवारी येतो." तिने हळूच आपला हात सोडवून घेतला. "त्याचं घर हाय, बायको हाय गावाला. मना ठाऊक होता. मना कोणी फसवलेला नाय. मना तो आवडतो. पण हा मूल मना नको. माझ्या दोन पोरी हायत, त्या माझ्या शिवणीवर शिकतायत."

खाला उठून खिडकीशी गेली. मग खाला वळली ती माझ्याकडे बघून बोलली, जणू ती बाई खोलीत नव्हतीच. "ऐक गो. ज्यांच्यावर जुलूम झाला त्यांच्यासाठी मी तिकिटं काढली. हिच्यासाठी कशाला काढू? हिने तर हौसेने केलं."

ती बाई शांतपणे म्हणाली, "खाला, मी रडून सांगितला असता की त्याने जबरदस्ती केली, तर काढला असतात ना तिकीट? तसा खोटा सांगायला लागणार असेल तर मी उठते." आणि खरोखरच पर्स उचलून उठली.

मी तिला बसवलं. खालाला म्हणाले, पोलीस येतील तेव्हा हौस होती की जुलूम हे विचारणार नाहीत, हे फिंतासच्या पोरीपासून आपल्याला माहीत आहे. मग आपण तरी का विचारतोय? खाला चपला घालून निघून गेली. सिस्टरने तेवढ्यात चहा ओतला होता, तो आम्ही तिघींनी प्यायला.

पुढची अडचण रजेची. ईद महिन्यावर आलेली, शिवणाच्या दुकानांत श्वास घ्यायला फुरसत नाही अशी वेळ. मी नेहमीची युक्ती सांगितली. तिने ऐकून घेतलं आणि मान हलवली. "माझी आई गेली, बाई. मी तिच्या मयतीला पण जाऊ शकले नाय, रजा नव्हती म्हणून. आता रजेसाठी तिला परत आजारी पाडू? ते माझ्याने होणार नाय."

"मग काय सांगायचं?"

"आपरेशन हाय ते सांगायचं. खरा तर हाय."

आम्ही दोघी दुकानात गेलो. मॅनेजर हैदराबादी होता, वयस्कर, तसा वाईट माणूस नव्हता. काउंटरवर गिऱ्हाइकं उभी, मागे मशिनांचा खडखडाट. मी त्याला म्हणाले की हिला ऑपरेशनसाठी ताबडतोब भारतात जायचंय, पासपोर्ट द्या. तो म्हणाला, ईदच्या आधी अशक्य. ईदनंतर महिनाभर जा म्हणावं. मी म्हणाले, थांबण्यासारखं नाही. तो म्हणाला, मग इथे दवाखाने नाहीत का? कसलं ऑपरेशन आहे? डॉक्टरची चिठ्ठी दाखवा.

मी काहीतरी जुळवत होते, तेवढ्यात ती पुढे आली आणि काउंटरवर दोन्ही हात ठेवून हिंदीत म्हणाली, "चाचा, बायकांचं ऑपरेशन आहे. पोटाच्या खालचं. कुठलं, कसं, किती दिवसांपासून, सगळं सांगते. इथेच सांगू, का बाजूला येता?"

तिचा आवाज मोठा नव्हता, पण काउंटरवरच्या बायकांनी माना वळवल्या. मॅनेजरच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी अजून विसरलेले नाही. तो ड्रॉवर धुंडाळू लागला. कफिलाला, म्हणजे दुकानाच्या अरब मालकाला, त्याने फोन लावला, आमच्याकडे पाठ करून दोन वाक्यं बोलला आणि पासपोर्ट तिच्या हातात ठेवला. "ईदच्या आधी परत ये," एवढंच म्हणाला. बाहेर आल्यावर आम्ही दोघी रस्त्यातच हसत सुटलो. समोरच्या बकाल्यातला, म्हणजे किराणा दुकानातला, मल्याळी माणूस दारात येऊन बघत राहिला.

घरी नवऱ्याला सांगावं लागलं, कारण विमानतळावर जायला गाडी हवी होती. आतापर्यंत तो कानाडोळा करत आला होता. यावेळी त्याने वर्तमानपत्र खाली ठेवलं. "पकडली गेलीस तर?"

"तर मुलांना घेऊन आपण परत जाऊ. गणित तिकडेही शिकवतात."

"माझ्या नोकरीचं काय?"

"त्याचा विचार मी केलाय. तरी मी जाणार आहे."

तो रागावला. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही बोलला नाही. पण तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी त्यानेच काढली, आम्हाला विमानतळावर नेलं आणि तिची बॅग स्वतः उचलून आत नेली. ती "शुक्रिया, भाऊ" म्हणाली तेव्हा त्याने फक्त मान हलवली.

तिकिटाचं सांगायचं राहिलं. ते खालानेच काढलं होतं. ईदच्या गर्दीत कुठेही जागा नव्हती. मी दुसरीकडे खटपट करत असताना तिचा फोन आला. "जागा मिळाली. पण मला पटलेलं नाय, ते लक्षात ठेव," असं म्हणून तिने फोन ठेवला.

ठाण्यात काय झालं ते मला आधी बहिणीने फोनवर सांगितलं, नंतर तिने स्वतः. दवाखान्यातल्या डॉक्टरने नवऱ्याची सही मागितली. नवरा वारलाय म्हटल्यावर वडिलांची, भावाची, कोणाही पुरुषाची मागितली. बहीण म्हणाली, "ती सज्ञान आहे. कायद्याला तिची एकटीची सही पुरते."

"आमच्याकडे तशी पद्धत आहे," डॉक्टर म्हणाला.

"मग ती पद्धत मला लिहून द्या, खाली सही करून. मी कोर्टात दाखवते."

त्याने लिहून दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला दाखल करून घेतलं. तिथली आया तिला समजुतीने म्हणाली, जरा डोळ्यांतून पाणी काढ गं, म्हणजे सगळे नीट वागतील. ती म्हणाली, "नीट वागायला त्यांना पगार मिळतो ना?"

सगळं सुखरूप झालं. बहिणीच्या घरी विश्रांती घेतली आणि मग ती गावी जाऊन मुलींना भेटून आली. ईदच्या आधी परतली, आणि मॅनेजरच्या टेबलावर साठलेलं फिटिंग तिने ईदच्या आदल्या संध्याकाळपर्यंत संपवलं. त्यानंतरच्या शुक्रवारी ती माझ्याकडे आली. मी विचारलं, त्रास झाला का मनाला? ती विचार करून म्हणाली, "विमानात रडले. येताना. पोरी गेटापर्यंत आल्या होत्या म्हणून." मग म्हणाली, "त्याला पण सांगितला. तो म्हणतो, मला आधी का नाय सांगितलंस? मी म्हटला, तुझ्या पोटात नव्हता."

पुढे त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि तो गावी गेला.

पण आमच्याकडे यायची ती थांबली नाही. नवी कोणी आली की ती शेजारी बसायची. एकदा एका घाबरलेल्या पोरीला खालाने सवयीने विचारलं, कोण होता गो? तेव्हा ती म्हणाली, "खाला, ते नका विचारू. तिला जायचंय का, तेवढा विचारा." मला वाटलं आता खाला उठून जाणार. खाला तिच्याकडे एकटक बघत राहिली. मग त्या पोरीकडे वळली आणि म्हणाली, "जायचंय तुला?" त्यानंतर आमच्याकडे हा एकच प्रश्न विचारला जाई. खाला मरेपर्यंत म्हणत राहिली की तिला ते पटलेलं नाही, आणि तिकिटं काढत राहिली.

अशा गोष्टी लपून राहत नाहीत. काही वर्षांनी, तिथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला, कमिटीतल्या एका बाईंनी मला हॉलच्या कोपऱ्यात नेलं. आवाज खाली, चेहरा हसरा. "तुमच्या घरी असल्या बायकांची ये-जा असते म्हणे. आपल्या लोकांचं नाव खराब होतं हो. तुम्ही शिक्षिका आहात. गणपतीतला मुलांचा कार्यक्रम तुमच्याकडे आहे."

"असल्या म्हणजे कसल्या?" मी विचारलं.

"तुम्हाला कळतंय मी काय म्हणते ते."

"कळतंय. पण तुम्ही नीट सांगा. कारण त्यातल्या काही या हॉलमध्येच आहेत, आणि त्यांना मीच घरी बोलावलं होतं."

बाईंचं हसू गेलं. त्यांनी हॉलभर नजर फिरवली. साड्या, गजरे, वाणाच्या वाट्या, सगळ्या ओळखीच्या बायका. कोण असेल ते त्या शोधत होत्या, आणि मी ते त्यांना कधीच सांगणार नव्हते. "बघा, नंतर बोलू," म्हणून त्या गेल्या.

मुलांचा कार्यक्रम माझ्याकडून काढून घेतला. निरोप नवऱ्यामार्फत आला, मला सांगायची कोणाची हिंमत झाली नाही. त्याने तो मला सांगितला आणि विचारलं, "आता यावर्षी जायचं नाही ना गणपतीला?" मी म्हणाले, "जायचं. पुढच्या रांगेत बसायचं." तो हसला. खूप दिवसांनी हसला.

आम्ही गेलो. मी जरीची साडी नेसले आणि पुढच्या रांगेत मधोमध बसले. माझ्या डाव्या हाताच्या खुर्च्या रिकाम्याच राहिल्या. मुलांच्या नाटकातली पाच पात्रं वाक्यं विसरली, माझ्याकडे असतं तर विसरली नसती. मध्यंतरात चहा आला तेव्हा मागून दोघी जणी उठून आल्या आणि माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्च्यांवर बसल्या. एकीला मी विमानात बसवलं होतं. दुसरी का आली ते मला आजही ठाऊक नाही. तिने आपल्या बशीतलं एक बिस्कीट माझ्या बशीत ठेवलं, आणि आम्ही नाटकाबद्दल बोलत राहिलो.