जोडीतलं दुसरं विमान

फोन आला तेव्हा मी शिरूरच्या छापखान्यात उभी होते. कुरकुंभच्या कंत्राटी कामगारांसाठी काढायच्या पत्रकाचं प्रूफ हातात होतं आणि यंत्राच्या आवाजात पलीकडचं नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून रस्त्यावर आले. दौंडहून सुमनमामी बोलत होती. "जये, मामा गेले गं. सकाळी च्या पिऊन खुर्चीत बसले... बसल्या जागीच." मग ती म्हणाली, "ऐकलंस ना? परत म्हन की. मला कळू दे तुला पोचलं म्हनून." मी म्हटलं, "मामा गेले." दौंडच्या एस्टीत बसल्यावर, न्हावरं मागे पडल्यावर मला रडू आलं, कारण तेव्हा ध्यानात आलं की हे असं परत म्हणायला लावणं मामांचं होतं.

दत्तामामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. ते विमान चालवायला शिकवायचे. दोघंजण बसतील एवढीच छोटी विमानं. त्यांच्या कामात एक रीत असते. टॉवरवरून, म्हणजे विमानतळाच्या नियंत्रण कक्षातून, रेडिओवर जे सांगितलं जाईल ते वैमानिकाने तसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं. याला रीडबॅक म्हणतात. नुसतं 'हो' चालत नाही. सांगणाऱ्याला कळलं पाहिजे की आपलं बोलणं पोचलं, आणि काही चुकलं असेल तर तिथल्या तिथे सुधारता आलं पाहिजे. मामांनी ही रीत घरी आणली होती. मामी स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, येताना अर्धा लिटर दूध आन् कोथिंबीर आना." दारात चप्पल घालता घालता मामा म्हणायचे, "अर्धा लिटर दूध आन् कोथिंबीर, येताना." मामी वैतागायची. "नुसतं बरं म्हनला तर काय इमान पडंल व्हय?" त्यावर मामा शांतपणे म्हणायचे, "न्हाई. पण परवा मेथी आली हुती." तरी ते उत्तर येईपर्यंत मामी उंबऱ्यातून हलायची नाही, हे मी लहानपणापासून पाहत आले.

मामा मूळचे केंदूरचे. कांदा-बटाट्याच्या रानातला मुलगा वाटणीचा तुकडा विकून विमान शिकायला निघाला तेव्हा गावाने भरपूर नावं ठेवली. माझे वडील, आप्पा, कुरकुंभला केमिकल कंपनीत होते आणि युनियनचे होते. आमच्या घरी पत्रकांचे गठ्ठे कायम पडलेले. मी अक्षरं त्यांच्यावर शिकले, घड्या घालायला शिकले, आणि जगात दोनच बाजू असतात हेही तिथेच शिकले. आप्पा मामांना चिडवायचे, "काय मेहुणे, श्रीमंताची पोरं आभाळात फिरवता, आमच्या पोरांचं काय?" मामा हसून म्हणायचे, "आप्पा, आभाळात कोण श्रीमंत न्हाई. वारा समोरून आसला की आमचं इमान जागच्या जागी ऱ्हातं, आन् खाली सोलापूर रोडवरचे तुमचे टँकर आमाला मागं टाकून जात्यात." ते खरंच होतं. मी एकदा त्यांच्यासोबत बसले होते. भीमेचं पात्र खालून सरकायलाच तयार नव्हतं.

लढाऊ विमानांचा पहिला किस्सा ते हसवायला सांगायचे. एका मोठ्या शहराजवळच्या विमानतळावर त्यांना कधीमधी जावं लागे. त्या विमानतळाचं नाव मामांनी मला कधी लिहू दिलं नाही, म्हणून आजही लिहीत नाही. तिथून प्रवासी विमानं जातात आणि हवाई दलाची लढाऊ विमानंही. पहिल्यांदा गेले तेव्हा शेजारून एक लढाऊ विमान उडालं आणि मामांच्या विमानाचं दार थडथडायला लागलं. "तू सायकलवर चाललीस आन् बाजूनं एस्टी गेली तर काय व्हतं? तसं. फकस्त एस्टीच्या मागं आग लागलेली." पुढचं मात्र ते हसत सांगत नसत. लढाऊ विमानं रेडिओच्या वेगळ्या वाहिनीवर बोलतात, छोटी विमानं वेगळ्या. टॉवरला दोघांचंही ऐकू येतं. त्या दोघांना एकमेकांचं काहीच ऐकू येत नाही. "म्हंजी एकाच रस्त्यावर हाय आपण, पण मला ठावंच न्हाई त्यो कुठं हाय. आन् त्याला मी हाय का न्हाई हेच ठावं न्हाई..."

म्हणून त्यांनी स्वतःची एक सवय लावून घेतली होती. ही विमानं जोडीने जातात आणि जोडीने परततात. मामा जाणारी मोजायचे आणि येणारी मोजायचे. ही सवय इतकी मुरली की दौंडच्या घरावरून आवाज गेला तरी ते घास हातात धरून बोलायचं थांबत. "एक..." मग दुसरा आवाज गेला की घास तोंडात आणि गोष्ट पुढे.

एकदा दुपारी त्याच विमानतळावर ते एका विद्यार्थ्याबरोबर विमान घेऊन धावपट्टीच्या तोंडाशी उभे होते. रोहन नावाचा इंदापूरकडचा मुलगा, त्याचा त्या विमानतळावरचा पहिला दिवस. समोर एक लढाऊ विमान उतरलं, धूर सोडत लांब गेलं, वळून बाहेर पडलं. टॉवरवरून एका मुलीचा आवाज आला, धावपट्टीवर येऊन उभे राहा. रोहनने बटण दाबून परत म्हणायला सुरुवात केली, आणि मामांनी त्याच्या हातावर हात ठेवला. सकाळी दोन गेली होती. आलं होतं एक. मामांनी स्वतः बटण दाबलं आणि एकच शब्द बोलले: "अनेबल." म्हणजे, हे मी करू शकत नाही. वैमानिकाला तो हक्क असतो, पण शिकाऊ विमानातला माणूस लष्कराच्या विमानतळावर तो वापरत नाही. समोरून येणारं लढाऊ विमान दिसत नाही. राखाडी आभाळात राखाडी ठिपका, आणि दिसेपर्यंत तो अंगावर असतो. तसाच तो आला. त्यांच्या नाकासमोरून, जिथे ते उभे असते नेमकं तिथूनच, जोडीतलं दुसरं विमान टेकत पुढे गेलं. छोटं विमान पाळण्यासारखं हललं. मग रेडिओवर त्याच मुलीचा आवाज आला, "थांबा." मामांनी परत म्हटलं, "थांबतो." मला सांगताना ते म्हणाले होते, "तिचा आवाज थरथरत हुता गं. तुझ्याएवढी आसंल."

काहीच घडलं नव्हतं, म्हणून काहीच घडलं नाही असं सगळ्यांना हवं होतं. मामांनी विमानतळाला रीतसर लिहून कळवलं. कुणावर कारवाई करा असं त्यांनी लिहिलं नाही. एकच मागणं होतं: लढाऊ विमानं येत असतील तेव्हा किती येताहेत, किती उतरली, हे टॉवरने छोट्या विमानालाही सांगावं. त्यांच्या संस्थेतल्या वरिष्ठांनी बोलावून घेतलं. तिथे आपल्याला उतरू देतात हेच पुष्कळ, म्हणाले, तक्रार मागे घ्या. मामांनी ते वाक्य त्यांना परत म्हणून दाखवलं, शब्दन् शब्द, आणि पुढे म्हणाले, "अनेबल." पुढच्या आठवड्यापासून त्यांना उड्डाण नाही. वर्गात फळ्यासमोर उभं राहून हवामान शिकवायचं.

मी पेटले होते. पत्रक लिहून दौंडला गेले. वरिष्ठांचं नाव, विमानतळाचं नाव, आणि त्या दिवशी टॉवरवर कोण होतं याची जागा मोकळी सोडलेली. मामांनी चष्मा लावून सगळं वाचलं. "चांगलं लिहितीस. पण हे छापू नगं."

"का? तुम्ही खरं बोललात आणि तुम्हालाच जमिनीवर बसवलं. गप्प बसायचं?"

"मी कुठं गप हाय? मी बोललोय. आता त्यांनी परत म्हनायचं."

"ते नाही म्हणणार, मामा."

"नाव आलं की त्या पोरीला काढत्याल आन् रीत हाय तशीच ऱ्हाईल. मला पोरीला शिक्षा नगं, रीत बदलाय पायजे."

मी पत्रक फाडून तिथेच टाकलं आणि जेवायला न थांबता निघाले. आजही मला वाटतं की ते छापायला हवं होतं, मुलीचं नाव गाळून. माणसाने अन्याय सोसत उत्तराची वाट पाहावी हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आताही पटत नाही. पण त्यानंतरच्या दोन वर्षांतले मामा मी पाहिले आहेत. वर्गातून येऊन पुढच्या खोलीतल्या प्लास्टिकच्या विणीच्या खुर्चीत बसायचे. जुने सहकारी फोन करायचे थांबले होते. विद्यार्थी उडायला लागले की वर्गाकडे कोण फिरकतं? मी विचारायचे, "आलं का काही उत्तर?" ते नकाराची मान हलवायचे. एकदा नुसतंच म्हणाले, "रेडिओ बंद पडला तर कळतं तरी गं. हितं चालू हाय, आन् समोरून कोन बोलंना..."

दहाव्याला माणसं जमली ती केंदूरची आणि आमच्या घरची. संस्थेकडून कुणी आलं नाही. दुपारी जरा उशिरा रोहन आला. आता तो मोठी प्रवासी विमानं चालवतो. मामीसमोर जमिनीवर बसला आणि काय बोलावं न सुचून म्हणाला, "मामी, तिथं आता टॉवर सांगतो. 'दोन येताहेत, एक उतरलंय, दुसरं उतरेपर्यंत थांबा.' छोट्या विमानांनाही. दिवाळीपासून सुरू झालंय."

मी विचारलं, "मामांना कुणी कळवलं?"

तो म्हणाला, "आम्हाला वाटलं, सरांना माहीत असेल."

माहीत नव्हतं. दिवाळीनंतरही मी त्यांना तोच प्रश्न विचारला होता आणि त्यांनी तशीच मान हलवली होती.

परवा मी दौंडला मुक्कामाला होते. सकाळी मामीने एकच कप चहा केला, मला दिला, आणि पदराला हात पुसत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली. खुर्ची होती तिथेच आहे. हात ठेवायच्या जागी वीण सैल झाली आहे. मामी खुर्चीकडे बघून, दूध-कोथिंबीर सांगायची त्याच आवाजात म्हणाली, "अहो, टावरवाले आता सांगत्यात म्हनं. दुसरं इमान उतरल्याबिगर न्हाई सोडत कुनाला."

आणि नेहमीसारखी थांबली. मामांच्या वतीने मला ते परत म्हणता आलं असतं. शब्द ओठांपर्यंत आलेही होते, पण ते मामांचे होते. मी कप हातात धरून बसून राहिले. मामी उंबऱ्यातून हलली नाही.