कंपासपेटीतला फोन

आमच्या शाळेतल्या मराठीच्या बाई मधल्या सुट्टीत एका जागी बसत नाहीत. कानात इअरफोन घालून स्टाफरूममध्ये येरझाऱ्या घालतात आणि स्वतःचाच तास ऐकतात. चाकणच्या एका कंपनीनं वर्गावर्गात डिजिटल फळे बसवून दिले, तेव्हापासून त्यावर आपण नेमकं कसं शिकवतो याचा त्यांचा अभ्यास चालू आहे. टेबलावरच्या उघड्या कंपासपेटीत फोन ठेवून त्या रोज रेकॉर्डिंग करतात.

परवा एक इअरफोन त्यांनी माझ्या हातात दिला. "ऐका सर. ही पोरगी पप्पांच्या शिफ्टचं सांगायला लागली, आणि मी पुढची स्लाइड लावली."

"चालायचंच हो," मी म्हणालो.

"नाही चालत, सर."

या अभ्यासाच्या अहवालात त्यांनी ते जसंच्या तसं लिहिलं. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, कंपनीचे लोक वाचणार आहेत. तेवढं गाळा." बाईंनी गाळलं नाही. त्याच्याखाली सही केली.

दुसऱ्या दिवशी मीही गुपचूप माझा तास रेकॉर्ड केला. आठवडा झाला, अजून ऐकलेला नाही. बाई इअरफोन घेऊन जवळ आल्या की मी वह्या तपासायला घेतो.