लाथ लागली की नमस्कार

पोरं आत लाथा शिकायची आणि आम्ही आया बाहेर त्यांच्या चपला राखत बसायचो. अशा बसण्यात किस्से आपोआप साठतात, कुणाला गोळा करावे लागत नाहीत. जळोचीत तेव्हा केबल नुकतीच आली होती, आणि तिच्या मागोमाग तायक्वांदोचा क्लास. माझी प्रज्ञा दुसरीत होती. सातवीपर्यंत मला शाळेनं असलं काही शिकवलं नव्हतं, त्यामुळं तिच्यापेक्षा मलाच जास्त उत्सुकता.

*

कोरियन आकडे मी तिच्याबरोबरच पाठ केले. भाकरी थापताना तोंडात तेच. हाना, दुल, सेत, नेत.

वरकुट्याहून सासूबाई राहायला आल्या होत्या. "कुणावर मंतर टाकतीस गं?"

"एक, दोन, तीन, चार हाय ते, आत्याबाई."

आठवड्यानं ताटावर बसल्या आणि म्हणाल्या, "मला दुलच वाढ. भूक न्हाय."

*

पहिल्या पॅटर्नचं नाव तेगुक इल जांग. वळायचं, हातानं अडवायचं, ठोसा मारायचा, आणि जिथून सुरू केलं तिथंच येऊन संपवायचं. खरंच तसं होतं का बघावं म्हणून मी अंगणात रांगोळीची खूण केली.

प्रज्ञा खुणेवरून निघाली आणि शेजारच्या शांताबाईंच्या वाळवणात जाऊन थांबली. दुसऱ्या दिवशीही तिथंच.

शांताबाई म्हणाल्या, "तुमच्या सरांना सांगा, खूण आमच्याच पापडावर काढा. म्हंजे सुरुवातबी हितनंच हुईल."

*

खरी पंचाईत पुढं झाली. समोरच्याला आपला पाय लागला की त्याला हात लावून तो छातीला लावायचा, हे मीच तिला शिकवलेलं. तिची लाथ जोडीदारणीला लागली की ही थांबायची आणि नमस्कार करायची!

"प्रज्ञा, लाथ मारतेस का दर्शन घेतेस?" सर वैतागले. "मी 'कुमान' म्हणेपर्यंत थांबायचं नाही."

एकदा ती नमस्काराला वाकली आणि जोडीदारणीची लाथ थेट ओठावर बसली. ओठ हा एवढा सुजला. हिचे बाबा म्हणाले, "पिवळा पट्टा मिळाला तर ठीक, न्हायतर क्लास बंद. दात पडायची वाट बघायची न्हाय."

पोरगी त्या रात्री जेवली नाही.

*

मग घरीच सराव. आत्याबाई उशी धरून उभ्या राहिल्या. "मार मला. भिऊ नगं."

लाथ त्यांच्या गुडघ्याला लागली. प्रज्ञाचा हात लगेच छातीला.

"सुखी राहा," आत्याबाई म्हणाल्या.

"आत्याबाई, तुमीच आशीर्वाद दिल्यावर ती थांबणार न्हाय तर काय!"

*

परीक्षा इंदापुरात होती, परीक्षक पुण्याचे. पहिल्याच लाथेला प्रज्ञानं नमस्कार केला. परीक्षकांनी कपाळाला हात लावला.

"शेवटची संधी. पॅड धर, मी दाखवतो."

त्यांनी लाथ मारली. पायाचा अंगठा प्रज्ञाच्या कोपराला निसटता लागला. त्यांनी पटकन तिच्या कोपराला हात लावला आणि छातीला नेला.

मागून आत्याबाई म्हणाल्या, "मास्तर, आमचीबी हीच अडचण हाय."

मग आमच्या क्लासच्या सरांनी पॅड धरून हुकूम दिला. "सिजाक," म्हणजे सुरू. प्रज्ञाची लाथ त्यांच्या मनगटावर बसली. तिचा हात उचलला गेला. मी डोळे मिटणार होते. पण हाताची मूठ झाली, जागेवर गेली, आणि दुसरी लाथ पॅडवर बसली. मग आणखी एक.

"कुमान."

सर पिवळा पट्टा बांधायला तिच्यापुढं वाकले. प्रज्ञाचं लक्ष त्यांच्या मनगटाकडं होतं.

"सर, आता करू का?"