एकोणीस मशीनची खोली

दादाराव गजभिये मूळचे भंडाऱ्याचे. सरकारी नोकरीने त्यांना लखनौला आणलं आणि तिथलंच करून टाकलं. गोमती नगरच्या ऑफिसातली सर्व्हर रूम ते सांभाळत. तिथे एकोणीस मशीन होती आणि पंख्यांची अशी घरघर, की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागे.

२००९ मध्ये त्यांची बायको द्रौपदी गेली. मुलगी पायल बंगळुरूला. तिला मराठी कळे, पण ती उत्तर हिंदीतच देई. अलीगंजच्या रिकाम्या घरात एकट्याने बोलायचा दादारावांना संकोच वाटे. सर्व्हर रूममध्ये मात्र ते द्रौपदीशी बोलत. "आज वांगी केली होती. तुझ्यासारखी नाही जमली." त्या घरघरीत कुणाला ऐकू जाणार?

२०१२ मध्ये नवं सॉफ्टवेअर आलं. एका दणकट सर्व्हरच्या पोटात दहा-दहा मशीन चालणार होती. जुन्या मशीनची डिस्क जशीच्या तशी नव्यावर उतरवायची, तपासायची आणि जुनं बंद करायचं. दादारावांनी अठरा उतरवली. एकोणिसावं, सेवापुस्तकांच्या नोंदींचं, दोनदा अडलं. डिस्क खराब झाली होती, आणि प्रोग्राम बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली.

"छोड़िए गजभिये जी," त्यांचे साहेब गजेंद्र म्हणाले, "नई एंट्री करवा लेंगे।"

"सर, चार हज़ार लोगों की पूरी नौकरी है इसमें।"

तीन दिवस बसून त्यांनी ती डिस्क तुकड्या-तुकड्याने उतरवली. चौथ्या दिवशी जुना प्रोग्राम नव्या सर्व्हरवर उघडला. दोनशे नोंदी त्यांनी कागदाशी ताडून पाहिल्या; सगळ्या जुळल्या. मग त्यांनी बटण दाबून ते शेवटचं जुनं मशीनही बंद केलं.

दुसऱ्या दिवशी सवयीने ते बोलून गेले, "झालं बघ द्रौपदी, एकही नोंद गेली नाही."

जुन्या पंख्यांची घरघर आता थांबली होती; आवाज खोलीभर घुमला. दारात फाईल घेऊन आलेल्या, ऑफिसातल्याच सरोज मॅडम थबकल्या. "किससे बात कर रहे हैं?"

"किसी से नहीं।" त्यांचे कान तापले.

त्या संध्याकाळी त्यांनी पायलला फोन लावला. "तू हिंदीत बोल, पण मला थोडा वेळ मराठीत बोलू दे."

"बोलिए ना, पापा।"

ते मशीनचं सांगत राहिले. पलीकडून कीबोर्डची टकटक आणि अधूनमधून "अच्छा, हाँ" येत होतं. नऊ मिनिटांनी तिची मीटिंग सुरू झाली.

मग ते दर रविवारी फोन करू लागले. तिने उचलला तर बोलत. नाही उचलला तर सोमवारी ऑफिस उघडेपर्यंत गप्प राहत.